झोपण्यासाठी मागितलेलं घर

तो फोन आला तेव्हा मी दुसऱ्या फोनवर होते. सटाण्याच्या एक बाई विचारत होत्या, "आखाजीला जागा आहे का हो तुमच्याकडे? आम्ही दोघी जावाजावा येऊ म्हणतो." आहे, या, आणि येताना पीठ-मीठ काही बांधून आणू नका, असं मी त्यांना सांगत होते, तेवढ्यात स्क्रीनवर राजेंद्रचं नाव दिसायला लागलं. राजेंद्र हा आक्काचा मुलगा. गेले काही दिवस ती विंचूरला त्याच्याकडेच होती, आणि इतक्या सकाळी त्याचा फोन आला म्हणजे काय ते मला उचलण्याआधीच कळलं. तरीही मी त्या बाईंचं नाव नीट विचारून घेतलं, "नक्की या" म्हटलं आणि मगच त्याचा फोन घेतला. "मामी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. नंतर वाटलं, आपण किती कोरड्या... पण आक्काच्या घरात जागा विचारणाऱ्या बाईला मध्येच तोडलं असतं, तर आक्कानंच मला झापलं असतं.

आक्का माझी नणंद. माझ्या यजमानांची, विलासची, थोरली बहीण. नणंद-भावजयीच्या नात्याला आपल्याकडे उगाचच नावं ठेवलेली आहेत, पण आमच्यात भांडण होतं ते खरंच, आणि ते कायम भांड्यांवरून. आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरी ती आली की पिशवी खाली ठेवायची, पाणी प्यायची आणि तोच पेला विसळायला उठायची. पेल्याबरोबर सकाळची कपबशी, कपबशीबरोबर कढई... मी एका बाजूनं कढई ओढायचे, ती दुसऱ्या बाजूनं. "आक्का, तुम्ही बसा हो जरा!" असं मी म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "बसून काय करू? हात काय कपाटात ठिवू?" मला आधी वाटायचं, हिला माझं घासणं पसंत नाही. शाळेत मास्तरीण असले तरी घरकामात मी कच्ची, हे चांदवडपासून नाशिकपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. मग एकदा तिच्याच बोलण्यातून उलगडा झाला. ती सासरी गेली ते मोठ्या खटल्यात, कांद्याच्या गावात. तिथं माहेरी आलेल्या नणंदांबद्दल जावा काय काय कुजबुजतात ते तिनं ऐकलं होतं. आली आणि बसली. खाल्लं आणि लवंडली. त्या वयातच तिनं मनाशी ठरवून टाकलं की आपण कुणाच्याही घरची बसलेली पाहुणी व्हायचं नाही. आईच्या घरीसुद्धा नाही.

खरं तर तिच्या वाट्याला माहेरपण आलंही फार थोडं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झाडाला झोका बांधायचा, आमरस-पुरणपोळी खायची, दुपारभर लोळायचं. पण नेमक्या त्याच दिवसांत उन्हाळ कांद्याची काढणी, आणि कांदा काही लेकीबाळींसाठी थांबत नाही. आक्काला न्यायला गेलेला विलास बऱ्याचदा एकटाच परत यायचा, तिनं दिलेली कुरडयांची पिशवी घेऊन. मग सासूबाई त्या कुरडया तळायच्या आणि कुणाशी बोलायच्या नाहीत.

चांदवडच्या मळ्यात आमच्या सासऱ्यांनी बांधलेलं एक दगडी घर होतं. दोन खोल्या, पुढं ओसरी, वर मंगलोरी कौलं. सासू-सासरे गेले, आम्ही नाशिकला स्थिरावलो, आणि घराचं गोदाम झालं. खताच्या गोण्या, ठिबकच्या जुन्या नळ्या, फवारणीचा मोडका पंप. मागच्या खोलीचं छप्पर एका पावसाळ्यात बसलं तेव्हा विलासनं सरळ जेसीबी सांगितला. घर पाडायचं आणि तिथं कांद्याची चाळ उभी करायची. आक्काचे यजमान जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ती आमच्याकडे आली होती, म्हणून तिलाही गाडीत घालून मळ्यात नेलं. ती ओसरीवर बसली, भिंतीला हात लावून बघितला आणि म्हणाली, "भाऊ, हे घर मला दे."

विलास गडबडला. जमिनीवरचा हक्क आक्कानं कधीच सोडून दिला होता, सही करताना तोंडातून एक शब्द काढला नव्हता. आता ती काहीतरी मागत होती. "देतो की. नावावर करून देतो. पण तुला कशाला हवंय?"

"नावावर नको. किल्ली दे. मला झोपायला पायजे."

आम्ही दोघंही हसलो. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "कांदे काढताना बांधावर भाकरी खायला बसायचो ना आम्ही, तवा बाया काय बोलायच्या ठाव हाय? सोनं नाय, साडी नाय. एकीला विचारलं, बाई तुला काय मिळावं वाटतं, तर म्हणती, झोप. कुणी उठवणार नाय अशी. आईबाप हायेत तवर बाई माहेरी जाऊन झोपती. ते गेले की तिला झोपायला जागाच नाय गं मंगल. भाऊ चांगला असला तरी नाय, भावजय चांगली असली तरी नाय." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून, हसून. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. जेसीबीवाल्याला विलासनं तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं, आणि अशा बायांना येऊन झोपता यावं म्हणून घर नीट करायचं ठरलं.

पुढं जे काय घडलं त्याला आमची मुग्धा 'रिस्टोरेशन' म्हणायची आणि आक्का 'डागडुजी'. मुग्धा माझी मुलगी, घरांची अंतर्गत सजावट करते. आत्याचं काम म्हणून ती अगदी हरखून आली. दगडी भिंती उघड्या ठेवायच्या, जुनी सागवानी तुळई पुसून तेल पाजून तशीच मिरवायची, असं तिनं काय काय योजलं होतं. आक्काच्या मनात वेगळंच. तिला भिंतींना गिलावा हवा होता आणि वर गुलाबी ऑइलपेंट. "दगड तसंच ठिवले तर लोक म्हणतील, पैसे संपले म्हणून गिलावा राह्यला." मुग्धा डोकं धरून बसली. आत्या, याच दगडांसाठी लोक लांबून येतील, असं तिनं परोपरीनं सांगितलं. आक्का म्हणाली, "दगड बघायला येणाऱ्यांनी डोंगरावर जावं, चांदवडला काय कमी हायेत?" शेवटी बाहेरचे दगड उघडे, आतून पांढरा चुना, आणि न्हाणीघर गुलाबी, असा तह झाला. ते गुलाबी न्हाणीघर आजही आहे. फोटो काढताना मुग्धा त्याचं दार लोटून घेते.

उत्तरेच्या भिंतीत मोठी काचेची खिडकी काढायचं मुग्धानं ठरवलं तेव्हाही आक्कानं घर डोक्यावर घेतलं. वारा येईल, चोर येईल, सगळा मळा आत बघेल. इथं मुग्धा हटली नाही. खिडकी झाली, तिच्याखाली अंथरूण घालता येईल एवढा रुंद लाकडी कट्टा झाला, आणि समोर सगळी डोंगरांची रांग आली. आक्का बराच वेळ उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "एवढा डोंगर इथं होता व्हय गं? आम्ही पोरी इथंच वाढलो, पाठ करून भाकरी थापत होतो." चूल दक्षिणेच्या भिंतीला होती आणि उत्तरेला खिडकीच नव्हती, त्यामुळे ते खरंही होतं.

पण खरा वाद रंगला तो स्वयंपाकघरावरून. नकाशात मुग्धानं एका कोपऱ्यात सुटसुटीत ओटा, सिंक, छोटा फ्रिज असं सगळं बसवलं होतं. सौर बंब, कमोड, वाचायचा दिवा, छताखालचं उष्णता अडवणारं अस्तर, सगळ्याला आक्कानं मान डोलावली. ओट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे काढ."

"आत्या, निदान चहा तरी करता यायला हवा ना लोकांना!"

"चहा केला की गाळणं आलं. गाळणं आलं की धुणं आलं. मग पातेलं. मग ओटा पुसा. मग फडकं पिळा. एकदा का बाईला ओटा दिसला की ती काय झोपती का?"

विलास म्हणाला, चुलीशिवाय घराला घर कोण म्हणेल? आमच्या नात्यातल्या एकूण एक माणसानं त्याचीच री ओढली. माझं मतही तेच होतं, पण बोलले नाही. आक्का ढिम्म. शेवटी ओटा गेला. स्वयंपाक समोरच्या घरात जिजाबाई करणार असं ठरलं. जिजाबाई म्हणजे आमची जमीन वाट्यानं करणाऱ्या किसनची बायको, हाताला चव आणि जिभेला धार. ओट्याच्या जागी आक्कानं दुसरी एक गोष्ट करून घेतली. जुन्या दाराला कडी बाहेरूनच होती. सुतार बोलावून तिनं आतून भक्कम कडी बसवली. "भरल्या घरात बाईला कडी लावून बसता येतं का कधी?" असं ती सुताराला विचारत होती, आणि तो बिचारा खिळे तोंडात धरून मान हलवत होता.

पहिली पाहुणी मी. तेव्हा मी नुकतीच निवृत्त झाले होते, त्याआधी दोन वर्षं आईचं अंथरुणातलं आजारपण काढलं होतं, ती गेली होती, आणि मी आपली ठणठणीत आहे असं सगळ्यांना सांगत फिरत होते. आक्कानं मला मळ्यात नेलं, आत ढकललं आणि म्हणाली, "कडी लाव." मी म्हटलं, दिवसाढवळ्या काय झोपायचं? "लाव म्हनते ना." लावली. कट्ट्यावर नुसती आडवी झाले, डोंगर बघितला... आणि जाग आली ती संध्याकाळी. उठून बसले आणि आई गेल्यापासून आलं नव्हतं तसं रडू आलं. दार उघडलं तर आक्का ओसरीवर लसूण सोलत बसलेली. काय झालं, का रडलीस, काही विचारलं नाही. म्हणाली, "वांग्याचं भरीत केलंय जिजानं. खाती का?" आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ दिलं. पण त्या दुपारीएवढं मोठं कुणी काही दिलं नाही, हे आज छापून टाकते.

मग बाया यायला लागल्या. जाहिरात नाही, पाटी नाही, एकीनं दुसरीला सांगायचं. आमच्या शाळेतल्या गायकवाड बाई आल्या, त्यांच्या कॉलनीतल्या आल्या, रात्रपाळ्या करून थकलेल्या परिचारिका आल्या, पिंपळगावच्या सुना आल्या. पण झोपणं इतकं सोपं नसतं. पहिल्याच आखाजीला आलेल्या चौघीजणी पहाटेच उठल्या, शेळ्यांच्या गोठ्यातून खराटा शोधून काढला आणि अख्खं अंगण झाडून, सडा घालून मोकळ्या झाल्या. दुसऱ्या एकीनं रिकाम्या हाती कसं यायचं म्हणून नाशिकहून पोळपाट-लाटणं आणि डबाभर कणीक आणली. गायकवाड बाईंनी तर जिजाबाईचे गहू निवडून दिले. आक्का वैतागली. खराटा कुलपात गेला, आणि नवीन कोणी आलं की ती दारातच बजावायची, "इथं कामाला हात लावला तर परत बोलवणार नाय." तरी एकीनं लपून स्वतःचे रुमाल धुतलेच. आक्कानं ते दोरीवरून काढले आणि पुन्हा बादलीत टाकले! आम्ही इतक्या हसलो त्या दिवशी...

एवढं सगळं झालं, पण एक गोष्ट मला टोचत राहिली. ज्या बाईनं झोपायला म्हणून घर मागून घेतलं, ती त्या घरात एकदाही झोपली नाही. पाहुण्या असल्या की ती जिजाबाईकडे ओसरीवर पडायची, नसल्या की चादरी धुवायला काढायची. मी किती वेळा म्हटलं, "आक्का, चार दिवस पाहुणी होऊन या. मी करते तुमचं." ती हसून म्हणायची, "येईन की. ही आखाजी होऊ दे." आखाज्या होत गेल्या. मला वाटायचं, हिनं मला जे दिलं त्याची परतफेड नको, पण ते हिच्या वाट्याला एकदा तरी यावं. दिवसेंदिवस मला त्याची घाईच झाली.

गेल्या दिवाळीनंतर तिचं दुखणं कळलं, आणि कळलं तेच उशिरा. उपचारांसाठी ती आमच्याकडे राहिली. डॉक्टरांनी विलासला बाजूला घेऊन काय सांगितलं ते त्यानं मला सांगितलं, आणि तिला आम्ही सांगितलं नाही. तिनंच एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं, "फार दिवस नाय ना गं?" मला खोटं बोलता आलं नाही. ती घडी पुरी करून म्हणाली, "मग चांदवडला जाऊ. पाहुणी म्हनून."

थंडीचे दिवस होते. मुग्धा आली, राजेंद्र सोडायला आला. खोलीत सासूबाईंच्या हातची गोधडी घातली. पण आक्का कसली पाहुणी होते! आल्या आल्या बेसिनची तोटी पुसली. काचेवर डाग आहे म्हणाली. जेवण झालं तर ताट उचलून दारापर्यंत गेली, चालवत नव्हतं तरी. जिजाबाईनं ते हातातून हिसकून घेतलं. "आक्का, तुमचाच नियम तुम्हीच मोडता व्हय? परत बोलवणार नाय बरं का!" सगळे हसले, आक्काही हसली, पण दुसऱ्या दिवशी तेच. पाठ टेकायची, लगेच कोपरावर उठायची.

त्या संध्याकाळी मी तिच्या पायांना तेल लावत होते. तेही ती मोठ्या मिनतवारीनं लावू देत होती. डोंगराकडे बघत ती म्हणाली, "मला जमत नाय गं मंगल. पडलं की वाटतं, कुणीतरी हाक मारील. मी पडलेली दिसेन." मी म्हटलं, कोण हाक मारणार आक्का? सासू नाही, सासरे नाहीत, जावा पांगल्या... "ठाव हाय," ती म्हणाली. "पर कानाला ठाव नाय ना." मी इतकंच म्हटलं, "मग मी दाराशी बसते. हाक आली तर मी ओ देईन. तुम्ही उठू नका." "बसशील?" तिनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्याकडे काही मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या खोलीतून उठून बाहेर आले आणि ओसरीवर, तिच्या दाराला पाठ लावून बसले. आतून आवाज नाही. भांडं नाही, बादली नाही, खोकला नाही. मी घाबरून दार किंचित ढकललं, कडी लावलेली नव्हती. गोधडी संथ वरखाली होत होती. आक्का झोपली होती, तोंड जरासं उघडं, एक हात कट्ट्याखाली लोंबता. जिजाबाई चहा घेऊन आली, तिला मी खुणेनंच थांबवलं. तिनं वहाणा अंगणाच्या पलीकडे काढल्या आणि अनवाणी येऊन बघून गेली. मग किसननं मोटर चालू केली नाही. शेळ्या ओरडतात म्हणून जिजाबाईनं त्या पार विहिरीपलीकडे नेऊन बांधल्या. मुग्धा उठून आली तर तिला मी ओढून शेजारी बसवलं. ऊन ओसरीवर आलं, आमच्या पायांवर आलं, अंगणात उतरलं. जिजाबाईही परत येऊन टेकली. आम्ही तिघी दारात बसून होतो, आणि मला इतका आनंद झाला होता की मला तो दडवताही येत नव्हता.

आतून एकदम दचकून हाक आली, "अगं, ऊन आलं! उठवलं का नाय मला?"

मी दारातूनच म्हटलं, "माहेरी कोण उठवतं, आक्का?"

मग तिचं हसू ऐकू आलं, कट्टा करकरला, आणि गोधडी पुन्हा डोक्यावर ओढल्याचा आवाज आला. नंतरचे दिवस ती अशीच झोपली. मग विंचूरला मुलाकडे जाते म्हणाली आणि गेली.

परवा मी सटाण्याच्या त्या जावांसाठी खोली लावायला मळ्यात गेले होते. सकाळची वेळ. जिजाबाई चादरी घेऊन आली, वहाणा अंगणाच्या पलीकडे काढून, अनवाणी. मीही ओसरीवर पाऊल हलकेच टाकलं. चहा इथंच घेता का घरी येता, असं तिनं मला कानाशी येऊन विचारलं, आणि इथंच आण, असं मीही हळूच सांगितलं. आत कुणीच नव्हतं.